सोमवारचा डबा

त्या बुधवारी आईचे मासे दुपारच्या आतच विकून संपले. मुलांसाठी काढून ठेवलेले सहा बांगडे तेवढे तिने घरी आणले. पाटी मागच्या दारी पालथी घातली, विहिरीवर दोन कळशा अंगावर ओतून घेतल्या, मग भिजवून ठेवलेली सोलं मुठीत घेऊन हात कोपरापर्यंत चोळले. हे ती रोज करायची. कोकमाच्या रंगाने तिची बोटं जांभळट झालेली असत आणि माझ्या मुलांना वाटायचं की सगळ्या आज्यांची बोटं तशीच असतात.

दिवाळीची सुट्टी होती. मी अनुजा आणि विनीतला घेऊन कुडाळहून तोंडवळीला माहेरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जायचं होतं. सुरूच्या झाडांतून येणारं ऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर हलत होतं, जणू भिंतीमागेही समुद्र आहे. आईने एका बाजूला बांगडे तव्यावर टाकले आणि दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी पिठी करायला घेतली. तीन चमचे कुळथाचं पीठ गार पाण्यात बोटांनी कालवलं, एकही गुठळी राहू दिली नाही. लसणीची फोडणी, ओली मिरची, दोन सोलं, मूठभर खोबरं. मग नारळाच्या करवंटीचा डवला घेऊन ती उकळी येईपर्यंत ढवळत राहिली. कुकरची शेवटची शिट्टी होईपर्यंत पिठी तयार. माझ्यासाठीचा टोप वेगळा, डवलाही वेगळा. एकोणतीस वर्षं ते दोन्ही त्याच खुंटीपाशी होते.

मुलांनी बांगडे खाल्ले आणि मग नेहमीप्रमाणे माझ्या टोपाकडे वळली. नऊ वर्षांच्या अनुजाने भातावर पिठी ओतून घेतली आणि विचारलं, "आजी, आई मासे का खात नाही?"

आई विनीतच्या ताटातले काटे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तिका वास येता," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर, हातभर अंतरावर बसले होते. नाही, असं नव्हतं ते, एवढंच म्हणायचं होतं. तोंडात घास होता. तो गिळून झाल्यावर मी अनुजाला म्हटलं, की बोलत बसू नको, जेव.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई नेहमीसारखी किनाऱ्यावर गेली. होड्या लागल्या, लिलाव सुरू झाला, तिने एका टोपलीवर बोली लावली आणि मग वाळूवर बसली. तिच्या शेजारची तुळसामावशी सांगते, तिला वाटलं यशोदा पायातला काटा काढते आहे. टोपली आईच्या नावावर सुटली होती. ती घ्यायला आई उठली नाही.

*

मी कुडाळच्या वाचनालयात काम करते. दुःखावर लोकांनी काय काय लिहून ठेवलं आहे, त्यातलं बरंच माझ्या वाचनात आलेलं आहे. पण संध्याकाळी सात वाजता दोन भुकेल्या मुलांसमोर काय वाढायचं, हे त्यातल्या एकाही पुस्तकात आल्याचं मला आठवेना.

पहिले तीन दिवस चूल पेटवायची नव्हती. शेजारपाजारच्या घरांतून पेज आली, लोणचं आलं. चौथ्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. माझा भाऊ रामचंद्र, ज्याला आम्ही दादा म्हणतो, क्रिया धरून बसला होता. तो दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचा आणि बाकीचा वेळ पुढच्या पडवीत चटईवर, समुद्राकडे पाठ करून बसायचा. त्याने लग्न केलं नाही. होडी आणि आई एवढंच त्याचं घर होतं. सुशांत, माझा नवरा, तीन दिवस राहून औषधाच्या दुकानासाठी कुडाळला गेला, तेराव्याला परत येणार होता.

घरात तेरा दिवस शिवराक. आमच्याकडे बिनमाशांच्या जेवणाला शिवराक म्हणतात. शिवाय सुतक म्हणून फोडणीही द्यायची नाही. मुलांना यातलं काही कळत नव्हतं आणि ते बरंच होतं. त्यांना एवढंच कळत होतं, की ताटात जे येतं ते आजीच्या हातचं नाही.

चौथ्या संध्याकाळी मी पिठीच करायचं ठरवलं. एवढी सोपी गोष्ट, आणि मी तर ती कुडाळलाही तिच्याच पिठाची कित्येकदा केलेली. फळीवर कुळथाच्या पिठाचे दोन सारखे पत्र्याचे डबे होते. एकाच्या झाकणाला जाळ्याचा निळा दोरा बांधलेला होता, दुसरा साधा. मी साधा घेतला. दोरा सोडायचा कंटाळा, एवढंच कारण. पीठ गार पाण्यात कालवलं, गुठळ्या बोटांनी मोडल्या, मीठ, हळद, मिरची, सोलं, खोबरं. फोडणी तेवढी नाही.

विनीतने एक घास घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. पाच वर्षांचं पोर, त्याला खोटं बोलता येत नाही. "ही आजीची नाही," तो म्हणाला. अनुजाने मात्र सगळी संपवली, एकही शब्द न बोलता, आणि तिचं ते समजूतदार गप्प राहणं मला जास्त लागलं. मी स्वतः चाखून पाहिलं. पिठी चुकली नव्हती, पण कसलीतरी उणीव होती. ही चव माझ्या ओळखीची होती, आणि कुठून ओळखीची ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. ती आईच्या सोमवारच्या पिठीची चव होती.

सोमवारी आईची पिठी कायम सपाट व्हायची. आठवड्यातले बाकीचे दिवस पिठीला एक खोली असायची, आणि सोमवारी ती जायची. मी समजायचे, आई सोमवारी उपास धरते, थकत असेल. ती मला दर महिन्याला कुडाळला पीठ पाठवायची आणि बजावायची, सोमवारी पिठी करू नको, उसळ कर, सोमवारी पिठी बाधते. मग तू कशी करतेस, असं मी एकदा विचारलं. माझ्या हातची बाधत नाही, म्हणाली. आईच्या अशा पुष्कळ गोष्टी होत्या. मी हसले होते आणि दर सोमवारी इमानाने उसळ करत राहिले होते.

मग पुढचे तीन दिवस मी पिठीच्या वाटेला गेले नाही. सोमवारी काळे वाटाणे शिजवून त्यात नुसतं ओलं वाटण घातलं. मंगळवारी घावणे काढले आणि नारळाच्या रसात गूळ विरघळवून दिला, तो दिवस मुलांनी सणासारखा साजरा केला. बुधवारी मोड आलेले मूग. संध्याकाळी भांडी आवरताना मला वाटायचं, मागच्या दारी कोणी पाणी ओतून घेत आहे. दुपारी डोळा लागला की काचेच्या बांगड्या टोपाच्या काठाला लागल्याचा आवाज यायचा, अगदी हळू, पीठ कालवताना होतो तसा, आणि त्या अर्धवट झोपेत मला कळायचं की आता उठायचं नाही, उठलं की तो थांबेल.

त्याच झोपेत एकदा मालवणातली ती खोलीही आली.

आठवीत होते. वर्गातल्या एका मुलीच्या घरी अभ्यासाला गेले होते. पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीवर घड्याळ, खिडकीबाहेर अबोलीची रांग. तिच्या आईने आम्हाला पोहे दिले. माझ्या पाठीवर हात ठेवून माझं दप्तर बाजूला सरकवलं आणि आत जाता जाता मुलीला म्हणाली, "खिडकी उघड गं जरा." एवढंच. आवाजात काही नव्हतं. माझं दप्तर रोज रात्री आईच्या पाटीशेजारच्या खुंटीला टांगलेलं असायचं.

त्या संध्याकाळी घरी सुरमईचं तिखलं होतं. ते मला इतकं आवडायचं, की दादा म्हणायचा, हिला एखाद्या खलाशाला देऊन टाका. मी ताटाला हात लावला नाही. आजपासून मासे खाणार नाही म्हणून सांगितलं. आईने एकदाच विचारलं, "कित्याक गो?"

"वास येतो," मी म्हटलं. आमच्या घरच्या बोलीत नाही. त्या पांढऱ्या चादरीच्या घरात बोलत होते, तशा मराठीत.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकाआधी विहिरीवर जाऊ लागली, आणि खुंटीपाशी वेगळा टोप आला.

*

आठव्या संध्याकाळी साध्या डब्यात एक चमचाभरच पीठ उरलं होतं. मुलं भुकेली होती, बाहेर दादाला भेटायला आलेली माणसं बसली होती. मी दुसऱ्या डब्याचा निळा दोरा सोडला.

पीठ साध्या डब्यातल्यापेक्षा जरा गडद दिसलं, कुडाळला यायचं तसं. जास्त भाजलं असेल, एवढंच मनात आलं. वास घेऊन बघायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. त्या घरातल्या फडताळाला, उशांना, पावसाळ्यात भिंतींनासुद्धा समुद्राचाच वास येतो. मी कालवलं, ढवळलं. उकळी फुटली तशी स्वयंपाकघरात आई उभी राहिली. दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. फोडणी नव्हती, लसणीचा कण नव्हता, तरी ती चव वाफेतूनच येत होती.

विनीतने पहिला घास घेतला आणि दुसरा मागितला. अनुजा म्हणाली, "जमलं तुला." मी खाल्लं. डवल्याला लागलेलं बोटाने निपटून खाल्लं. आठ दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, की मी ही मुलं वाढवू शकेन.

तेवढ्यात तुळसामावशी मागच्या दाराने आली. ती रोज दिवेलागणीला यायची, दादासाठी दुपारची पेज कोण देणार वगैरे ठरवायची आणि घटकाभर बसायची. चाळीस वर्षं ती आणि आई बाजारात एकमेकींशेजारी बसल्या आणि चाळीस वर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं पळवल्याबद्दल भांडल्या. मी तिला वाटीत पिठी दिली. कशी झाली सांग म्हटलं. माझ्या आवाजात थोडा अभिमानही असावा.

तिने वाटी तोंडाला लावली. थांबली. पुन्हा एक घोट घेतला. मग फळीकडे बघितलं, तिथून ओट्यावर पडलेल्या निळ्या दोऱ्याकडे.

"बाय, ह्या रामान खाल्ल्यान?" तिने अगदी हळू विचारलं.

नाही, म्हटलं. दादा एकदाच जेवतो.

"मगे बरा," ती म्हणाली. मुलांना तिने पडवीत पिटाळलं, माझ्या जवळ सरकली. "ह्यो सोमवारचो डबो न्हय गो."

मला कळेना. तिने डब्यातलं चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोटाने पसरलं. पिठाच्या मऊपणात बारीक, चकचकीत कण होते, कागदाच्या कपट्यांसारखे. तरी मी बघत राहिले. शेवटी तिलाच सांगावं लागलं. सुका जवळा. आमच्याकडे त्याला गोलमो म्हणतात. निवडून, भाजून, कुळथाबरोबर जात्यावर दळलेला. एकोणतीस वर्षं.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो मूर्खपणाचा होता. मी विचारलं, सुतकात घरात मासे शिजले, आता काय करायचं. तुळसामावशी म्हणाली, काय करायचं, टोप घासायचा. ज्याने क्रिया धरली आहे त्याच्या पोटात गेलं नाही, पोरांना दोष लागत नाही, आणि मावशी स्वतः तर सुतकातली नाहीच. असं म्हणून तिने वाटीतली उरलेली पिठी शांतपणे संपवली. उद्यापासून पीठ माझ्या घरचं ने, म्हणाली.

मग तिने सांगितलं, ते मी तिच्याच क्रमाने लिहिते.

मी मासे सोडल्यानंतर दोनेक आठवड्यांनी आई एका दुपारी बाजारातून लवकर परतली. मी शाळेतून आले होते. मागच्या दारातून तिने बघितलं, की मी चुलीपाशी उभी आहे आणि तिखल्याच्या टोपात बोट बुडवून चाटते आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, टोपाचा काठ पुसून. आई आत आली नाही. तशीच उलटी फिरून तुळसामावशीच्या अंगणात जाऊन बसली. तिथे ती रडली नाही, असं मावशी मुद्दाम म्हणाली. फक्त एक वाक्य बोलली. मावशीने ते आईच्याच आवाजात म्हणून दाखवलं, त्या दोघी एकमेकींच्या नकला करत तशी, पण या वेळी तिचा स्वतःचा आवाज मध्येच फाटला.

"तिका मासे नको नाय झाले, तुळसा. मासे इकणारी नको झाली."

त्याच आठवड्यात तिने पहिला जवळा भाजला. पोर वाढीला लागलेलं, नुसत्या डाळीवर सुकेल, हे एक. आणि दुसरं मावशीला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं असं ती म्हणाली, पण काय ते बोलली नाही. सोमवारी, चतुर्थीला, घरात कोणी गेलं तर, साधं पीठ. त्यासाठी दुसरा डबा.

"देवाक फसवूचा नाय म्हणी," तुळसामावशी उठता उठता म्हणाली. "तुका मात्र फसवल्यान."

ती गेल्यावर मी सुशांतला फोन केला. त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याला त्या पिठीतला जवळा कळला होता. मला माहीत असेल असं त्याला वाटलं. तो समजला होता, की ही आमची आई-मुलीची काहीतरी जुनी गंमत आहे आणि आपण मध्ये बोलू नये.

मला खरंच माहीत नव्हतं का, हे मी त्या दिवसांत स्वतःला पुष्कळदा विचारलं. जिभेला माहीत असणार. सोमवारची पिठी सपाट लागते, हे माझ्या जिभेनेच ठरवलं होतं. माणूस स्वतःला न सांगता एखादी गोष्ट किती वर्षं खाऊ शकतो, याचं मला आश्चर्य वाटत राहिलं. आणि मग त्या बुधवारचं जेवण समोर यायचं. आई काटे निवडते आहे, मान खाली आहे, आणि ती माझ्या मुलीला माझं खोटं माझ्यासाठी पुन्हा सांगते आहे. तिला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडावं म्हणून तिने तेवढी जागा ठेवली होती का? की ती मला झाकत होती, तव्यावरच्या बांगड्यावर ताट झाकतात तसं? हातभर अंतर होतं. घास गिळायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ होता.

*

तेरावं झालं. सुशांत आला, पाहुणे जेवून गेले. चौदाव्या दिवशी आमच्याकडे घरात पुन्हा मासे येतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते रांधून आधी त्याच्या नावाने पान वाढायचं, मग घरच्यांनी जेवायचं. तो बुधवार होता.

सकाळीच तुळसामावशी सुरमईचे तुकडे घेऊन आली. किती झाले, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा विचारलं नाही. यशोदा गेली तर आता माझी गिऱ्हाइकं पळवायला कोण उरलं, एवढंच पुटपुटली. तिने तिखलं करायला घेतलं. मी विहिरीवर गेले. परत आले, सोलं मुठीत घेतली आणि खाली ठेवली. तशीच आत गेले.

मी निळ्या दोऱ्याचा डबा काढला. पीठ गार पाण्यात बोटांनी कालवलं. आता फोडणी द्यायला हरकत नव्हती. लसूण तेलात पडली आणि दादा पडवीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.  तेरा दिवसांत तो पहिल्यांदा, मागच्या दारापलीकडच्या समुद्राकडे तोंड करून उभा होता.

केळीच्या पानावर भात, तिखलं, तळलेली एक तुकडी, सोलकढी आणि वाटीत पिठी. पान मागच्या दारी ठेवलं, जिथे ती पाटी पालथी घालायची. पाटी अजून तिथेच होती. सुरूतून येणारं ऊन पानावर हलत होतं. बाकीची सगळी थोडी मागे थांबली, कारण पान वाढल्यावर तिथे गर्दी करायची नसते. विनीतने विचारलं, आजी कुठून येणार, आणि अनुजा त्याला हाताला धरून आत घेऊन गेली.

मी पानासमोर बसले. हातभर अंतरावर. माझ्या ताटलीत सुरमईचा एक तुकडा होता. मी काटा बाजूला केला आणि घास तोंडात घातला. खोबरं, तिरफळ, कोकमाच्या आगळाचा आंबटपणा, आणि त्या सगळ्याच्या खाली समुद्र. काही विसरलेलं नव्हतं. या वेळी मी घास गिळायची वाट पाहिली नाही.

"आये," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला त्या हाकेने हाक मारली नव्हती. दारात दादा असल्याचं मला जाणवलं. मी थांबले नाही.

"आये, माका मासे आवडतत. पयल्यापासून आवडतत. त्या दिसा माका माशांचो वास येवक नाय. माका तुझी लाज वाटली."